पेरलेली खूण

मॉन्टानातल्या जुन्या तांब्याच्या खाणीच्या तळाशी ते यंत्र आजवर कुणालाच न दिसलेल्या एका कणाची वाट बघत होतं. हुरळून जाऊन कुणी भलत्यालाच कण म्हणू नये, म्हणून म्हातारा शास्त्रज्ञ डेलमर दरवर्षी मोजणीत गुपचूप त्या कणाची एक बनावट खूण पेरायचा आणि बाकीच्यांनी ती हुडकायची, असा तिथला रिवाज.

यंदा बायकोच्या आजारपणात तो पेरायचं साफ विसरला. आज मोजणीचा निकाल लागून बिंग फुटणार, म्हणून लिफ्ट खाली निघाली तसा तो सबबी जुळवू लागला.

दार उघडलं, तर सहकारी रोझलिन टाळ्या पिटत समोर उभी.



"म्हातारबा, सापडली बरं का तुमची खूण! इतकी हुबेहूब, की क्षणभर मीही फसले. आत्ताच पुसून टाकली बघा!"