एकुलत्याचा नंबर

मंगळावरच्या वस्तीत बाळ एकच होतं, तरी त्याचा पाळणा स्क्रीनवर बघायचा तर 'बाळ' लिहून पुढे 'एक' टाकावंच लागे. ही यंत्रणा वैजयंतीने लिहिली होती.

"पाण्याचा पंप एकच, त्याला नंबर नाही. मग पोराला कशाला?" डॉक्टर निमकर कुरकुरायचे. इथे दुसरं मूल जगायचं नाही, हे त्यांचंच मत.

"असू दे," एवढंच ती म्हणे.

आज प्रसूतिकक्षातून खणखणीत रडणं ऐकू आलं. वैजयंतीला प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागली नाही. निमकर घाम पुसत बाहेर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बाळ, दोन'. पाळणा दिसला.

वैजयंती ताठ मानेने म्हणाली, "तीनचीही सोय आहे, डॉक्टर."