टुंटाची राजीखुशी

टुंटा पुन्हा थुंकला. या खेपेला तो हिरवा, आंबूस चोथा भगताच्या टोपीवर पडला. गळ्यात दोर बांधलेला तो पांढराशुभ्र, लोकरीचा लामा मान ताठ करून उभा होता आणि कोकाची निवडून आणलेली पानं अजून भगताच्या बोटांतच होती.

शाळेच्या नव्या खोलीचा पाया खणून तयार होता. ऑगस्टाच्या थंडीत धरणीमातेचं तोंड उघडं असतं, आणि तिला भरवल्याशिवाय आमच्या पठारावर कुणी दगडावर दगड ठेवत नाही. पण आधी बळीच्या जनावरानं आपणहून पानं खायला हवीत. खाल्ली, म्हणजे ते राजी झालं. मगच सुरी.

"वहिनी, तुम्हीच भरवा," भगत टोपी पुसत म्हणाला. "तसाही मान तुमचाच आहे."

मान होताच. आमच्याकडे मुखियाचं पद एकट्या पुरुषाला मिळत नाही, जोडप्याला मिळतं. यंदा ते नासारियो आणि सातुर्निनाकडे आलं होतं. पण सभेत उठून "लामा आमचा" असं सांगून मोकळा झाला तो एकटा नासारियो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला त्याचं काय जात होतं? आई मेलेलं ते पिल्लू शालीत गुंडाळून पोटाशी घेतलं सातुर्निनानं. बाटलीनं दूध पाजलं तिनं, खरूज झाली तेव्हा डुकराची चरबी चोळली तिनं. अजूनही जव असो की मीठ, तो तिच्याच तळहातावरचं खातो. वाळवलेल्या पांढऱ्या बटाट्याचं हे टुंटा नावसुद्धा तिनंच ठेवलेलं.

ती हाताची घडी घालून लांब उभी होती.

"चल, साता," नासारियो हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. पद दोघांचं ना? मग सभेत तोंड उघडलंस तेव्हा मी कुठे होते?"

"चुलीपाशी होतीस."

"चूल काय चंद्रावर आहे? हाक मारायची."

बायका फिसकन हसल्या. नासारियोचे कान लाल झाले. "कळपात दुसरा बिनडागाचा पांढरा आहे का, सांग. असता तर..."

"असता तर तोही मला न विचारताच दिला असतास."

"एका जनावरासाठी केवढं हे," मागून तिची जाऊ म्हणाली. "मटण खात नाहीस का तू?"

"खाते. तुझ्या घरचंही खाल्लंय, खारट होतं." सातुर्निनाचा आवाज चढला. "पण हा माझा हात बघून तोंड पुढे करणार, आणि तुम्ही म्हणणार, राजी झाला. याला राजीखुशी म्हणतात? याला दगा म्हणतात."

"न खाता कापला तर भिंत उभी राहायची नाही, वहिनी," भगत म्हणाला.

"मग राहू दे आडवी."

आता कुणी हसलं नाही. शाळा सगळ्यांच्याच पोरांची होती. नासारियो तिच्याजवळ आला. "पोरं उघड्यावर बसतात गं, साता," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं. पोरांची नाकं थंडीनं फुटली होती.

ती पोरांकडे बघत राहिली. मग पुढे आली आणि भगताच्या हातातली पानं घेतली. जमलेल्यांचा जीव भांड्यात पडला. तिला बघताच टुंटानं कान पुढे केले, मान खाली घातली आणि नाकातल्या नाकात गुणगुणत तिची मूठ ओठांनी चाचपू लागला.

सातुर्निनानं पानं स्वतःच्या तोंडात टाकली. सावकाश चावली आणि गिळली.

"त्याला द्यायला मी झाले राजी, तो नव्हे," ती म्हणाली. "सुरी धुतलीय ना?"