सध्या

कॉलेज करता करता आदिनाथनं अर्धापुरात केळीचे घड वाहिले, नांदेडच्या लग्नांत पंगती वाढल्या, झेरॉक्सच्या दुकानात कितीतरी संध्याकाळी घालवल्या. कुणी हटकलं की तो ऐटीत म्हणायचा, "सध्या हे करून राहिलो. पोलीस भरती निघू द्या, मग बघा!" भरत्या निघाल्या, झाल्या, वयही उलटलं. पुढं ऑटो हाती आला, तरी त्याच्या तोंडातलं 'सध्या' काही सुटलं नाही.

आज तो लेकीला नव्या शाळेत घेऊन गेला. मॅडमनी तिला लाडानं विचारलं, "पप्पा सध्या काय करतात गं?"

आदिनाथनं सवयीनं तोंड उघडलं, पण पोरगीच आधी बोलली.


"सध्या न्हाई मॅडम, पप्पा पहिल्यापासून ऑटोच चालवतेत."