चौथी खाच

“चौथी खाच, काकू. खाली नको, वर नको,” असं बजावून आरोहीने फळीच्या कडेची खुंटी पुन्हा घट्ट बसवली.

बाभळीची फळी, सायकलची जुनी ट्यूब आणि एक लोखंडी खुंटी. दवाखान्यातलं यंत्र ज्यांना परवडत नाही, त्यांच्या कंबरेसाठी फिजिओथेरपी शिकणारी ही पोरगी एवढ्यातून तेच घडवत होती. पहिला पेशंट शेजारचाच, एस.टी. ड्रायव्हर अनिलकुमार. त्याने रोज अर्धा तास त्यावर पडायचं. खुंटी जितक्या वरच्या खाचेत, तितका ट्यूबचा कंबरेला ताण.

“अजून किती दिवस लागतील, मॅडम?” अनिलकुमारने नेहमीचा प्रश्न विचारला.

आरोहीचा चेहरा उतरला. एव्हाना फरक पडायलाच हवा होता, ती म्हणाली. बहुतेक फळीच चुकली. आणखी आठ दिवस बघू, नाहीतर मोडून टाकते.

त्याच्या बायकोने, श्रीदेवीने, मान खाली घातली. फळीवर चादर अंथरताना ती रोज गुपचूप खुंटी दुसऱ्या खाचेत सरकवायची आणि नवरा उठला की परत चौथीत. तो कण्हला की तिला स्वतःचीच लाज वाटायची. त्याच्या चपला काढायलाही तिचाच हात लागायचा.

पण करणार काय? बावीस वर्षांच्या संसारात नवरा घरी यायचा तो धुण्याच्या कपड्यांबरोबर, आणि कपडे वाळले की निघायचा. आता तीन महिने तो समोर बसून कडक भाकरी नि शेंगाचटणी खात होता, भाजी निवडताना गप्पा मारत होता. एवढा नवरा तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

संध्याकाळी पाचला मात्र तो गप्प व्हायचा. ती त्याच्या हुबळीच्या गाडीची वेळ. तो गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत राहायचा. गाडी गेली की मोठा सुस्कारा सोडून आत यायचा.

त्या दिवशी तिने विचारलंच.

“गाडीची लई आठवण येते का हो?”

त्याने गॅलरीचं दार लोटलं. मग म्हणाला, “बावीस वर्षं चालवली की.”

श्रीदेवीला उत्तर मिळालं. मन धरून ठेवता येत नाही, मग नुसती कंबर धरून काय उपयोग? तिने खाकी कपडे इस्त्री करून खुंटाळ्याला लावले. दुसऱ्या दिवसापासून चादर अंथरली, पण खुंटीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी उशी द्यायची राहिली म्हणून ती दारापर्यंत परत आली आणि तिथेच थांबली.

अनिलकुमार एक हात कंबरेवर दाबून, दात घट्ट आवळून, कसाबसा वाकला होता. त्याने चादरीचं टोक उचललं, चौथ्या खाचेतली खुंटी काढली आणि दुसऱ्या खाचेत घातली.