शाळेची बस

हडपसरच्या एका शाळेत बस चालवायची नोकरी चालून आली होती, पण बद्रीनाथ होही म्हणेना आणि नाहीही म्हणेना. आज त्याला ट्रक घेऊन रायपूरला निघायचं होतं.

"अहो, रोज संध्याकाळी घरी याल. आणखी काय पाहिजे?" डबा भरता भरता त्याची बायको यमुना म्हणाली.

बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला, "मागच्या खेपेला भर दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ट्रक रस्त्याच्या उलट्या बाजूला होता. आणि ती काही पहिली वेळ नव्हती."

यमुनाचा हात थांबला.

"ट्रकमध्ये माझ्या मागे यंत्रांची खोकी असतात गं. बसमध्ये लहान मुलं असतील. माझी छाती होत नाही."

"आणि समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये कोण असतं?"

बद्रीनाथने ट्रकच्या मालकाला फोन लावला. "शेठ, आज दुसरा ड्रायव्हर बघा. आज म्हणजे... आजपासूनच."

शाळेच्या बसचा विषय त्यानंतर दोघांपैकी कुणीच काढला नाही.