पात्यावरची वाफ

मेव्हण्याने लिलावातून एक युरोपी तलवार आणली आणि माझ्या जपानी तलवारीशेजारी टेबलावर ठेवून विचारलं, "सांगा दाजी, कोणती भारी?"

मला हसूच आलं. त्याची ती सरळसोट दुधारी पहार! वर पात्यावर बोटांचे तेलकट ठसे.

"आधी तोंडाला रुमाल बांध," मी म्हणालो. "उघड्या पात्यावर श्वास सोडायचा नसतो, गंज चढतो. अर्थात तुझ्या लोखंडाला काय त्याचं!"

दोघांनी रुमाल बांधले. मी जपानी तलवार म्यानातून हळूच काढली. पात्यावर नखाएवढा वाफेचा डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला.

"मागे हो, गाढवा!" मी खेकसलो.

"मी इथे आहे, दाजी." तो पार मागे, दाराशी उभा होता.

मी माझा श्वास रोखून धरला. वाफ येतच राहिली, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी संथ.

खोली दमट असेल, दुसरं काय! मेव्हण्यासारखा मी काही कशालाही भुलणारा नाही. खात्री करायला मी रुमाल खाली ओढला, पात्यावर वाकलो आणि तोंड उघडून मोठा उच्छ्वास सोडला.

पात्यावर काहीच उमटलं नाही.

मी पुन्हा सोडला. मग वळून त्याच्या पहारीवरही सोडला. तीही कोरडी ठणठणीत.

जपानी पात्यावरची वाफ मात्र आता भराभर उमटू लागली होती, धाप लागल्यासारखी.