नकाशातला नळ

पालिकेने सार्वजनिक नळांचा नकाशा लोकांसाठी खुला केला आणि रोज पलीकडच्या गल्लीतून पाणी वाहणाऱ्या सुनेने तो मोबाईलवर सासूबाईंना दाखवला. त्यांच्याच दारासमोर ठिपका होता: ‘नळ चालू’. तिथे तर नुसती भिंत! “तक्रार करूया,” सून म्हणाली. “कशाला? चालू आहे म्हणतात ना, मग पाणी भरू.” सासूबाई भिंतीशी रिकामी कळशी ठेवून शेजारी निवांत मटार सोलत बसल्या. कळशीमागे शेजारणीची बादली लागली, मग हंडे, डबे. दुपारपर्यंत रांगेने रस्ता अडवला. पालिकेचे साहेब धावत आले. “आजी, इथे नळच नाहीये!” सुनेने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. साहेब ओशाळले. “चूक झाली. आत्ताच्या आत्ता नकाशा दुरुस्त करायला सांगतो.” सासूबाईंनी कळशी नीट भिंतीला टेकवली. “नकाशाला हात लावू नका, साहेब. तो बरोबर आहे. गल्ली तेवढी दुरुस्त करा.”